एकोणचाळिसावा रेणू

आनेकलच्या वाटेवरच्या त्या छोट्या औषध-संशोधन कंपनीत सुप्रीताला सगळे 'मशीनवाली' म्हणत. शिक्षण साधं बी.एस्सी., घर बसवनगुडीत, बाकीचे बहुतेक पीएच.डी. झालेले. त्यांनी नमुने आणून द्यायचे आणि हिने मोजून द्यायचे, असं सहा वर्षं चाललं होतं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. मोजण्यात आपला हात धरणारं इथे कोणी नाही, हे तिला ठाऊक होतं.

त्या सोमवारी बाद रेणूंची यादी फिरली. रेणू घडवणाऱ्या रसायनतज्ज्ञांपैकी त्रिविक्रमने आठ महिने खपून बनवलेला एकोणचाळिसावा रेणूही त्यात होता. ज्या प्रोटीनला जाऊन बसण्यासाठी तो घडवला होता, त्याला तो चिकटतच नाही, असं चाचणी सांगत होती. त्रिविक्रमने टेबल आवरायला घेतलं.

सुप्रीता मात्र यादीपाशी अडली. त्या चाचणीत प्रोटीनला आधी एक चमकणारा रंग जोडतात आणि औषध बसलं की चमक बदलते. रंग प्रोटीनवर नेमका कुठे बसतो, हे तिने संगणकावर प्रोटीनची आकृती फिरवून पाहिलं. औषध जिथे शिरायचं त्या खाचेच्या अगदी तोंडाशी रंग धरणारी एक जागा होती. रंगानेच वाट अडवली असेल तर औषध आत जाणार कसं?

ती नीरजा मॅडमकडे गेली. नीरजा पुण्याहून आलेल्या, विभागाच्या प्रमुख. ज्यांच्यासाठी हे काम चाललं होतं त्या कंपनीची माणसं शुक्रवारी यायची होती. मॅडमनी ऐकून घेतलं, कॅलेंडर पाहिलं आणि दोनच दिवस दिले.

सुप्रीताच्या मशीनला रंग लागत नाही. सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या चकतीवर प्रोटीन बसवायचं आणि त्यावरून औषधाचं पाणी वाहवायचं. रेणू चिकटला की खालून सोडलेला प्रकाश परत फिरताना किंचित बदलतो आणि पडद्यावरची रेष चढते, रेणू सुटला की उतरते.

मंगळवारी रेष हललीच नाही म्हणावी इतकी कमी चढली. त्रिविक्रम दारात उभा राहून पाहत होता. तो मान हलवून निघून गेला. सुप्रीता जेवायलाही उठली नाही. मग तिच्या ध्यानात आलं: चकतीवर प्रोटीन बसवायची नेहमीची रीतसुद्धा प्रोटीनला त्याच जागी धरत होती. म्हणजे तिनेही वाट अडवलीच होती. तिला स्वतःचाच राग आला. तिने नवी चकती घेतली आणि प्रोटीनला उलट्या टोकाने, शेपटीकडून धरलं.

बुधवारी सकाळी रेष चढली. औषध दुप्पट केलं तर आणखी चढली. नुसतं पाणी सोडल्यावर ती इतकी सावकाश उतरू लागली की सुप्रीता खुर्चीतून हललीच नाही. रेणू बसला होता आणि सुटायला तयार नव्हता.

नीरजा मॅडमनी आलेख बराच वेळ न्याहाळला. "खाचेतच बसलाय कशावरून? भलतीकडेही चिकटला असेल."

"म्हणून हे दुसरं चालवलं, मॅडम," सुप्रीता म्हणाली आणि तिने पुढचं पान उघडलं. तेच प्रोटीन, फक्त खाच बिघडवलेलं. फ्रीजमध्ये मागच्या कामातलं उरलं होतं. त्यावर रेष सपाट होती. शेजारी रिकाम्या चकतीची रेषही सपाट.

मॅडमनी यादी मागवून एकोणचाळिसाव्यावर मारलेली काट काढली.

शुक्रवारच्या बैठकीत पाहुण्यांपैकी एकाने ही शंका कोणाला आली असं विचारलं. नीरजा मॅडम बाजूला सरकल्या. "सुप्रीता सांगेल. काम तिचं आहे."

सुप्रीता उठली. तिने एकेक आलेख समोर लावला. मंगळवारची फसलेली चाचणीही तिने लपवली नाही. प्रश्न झाले, तिने एकेकाचं उत्तर दिलं. अहवालावर पहिलं नाव तिचं लागलं. बाहेर पडताना त्रिविक्रमने इतकंच विचारलं, "चाळिसावा करायला घेऊ?" आणि ती हो म्हणाली.

घरी तिने अण्णांना सगळं सांगितलं. हयवदनराव, तिचे वडील, कारखान्यात तीस वर्षं सुटे भाग तपासायच्या खात्यात होते. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"किती वेळा मोजलंस?"

"तीनदा."

"तिन्ही वेळा तेच?"

"तेच, अण्णा."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि होसकोट्याला राहणाऱ्या आपल्या धाकट्या भावाला फोन लावला. आमच्या सुप्रीताने औषध शोधलं, असं ते सांगू लागले. औषध व्हायला अजून कित्येक वर्षं आहेत आणि कदाचित होणारही नाही, हे तिने मघाशीच समजावलं होतं. तिने तोंड उघडलं, पण वडिलांचा चेहरा पाहून गप्प बसली. ताट पुढे ओढून, ऐकत ऐकत, ती पोटभर जेवली.