फुंक मारायची सवय

दवाखान्यातून आणून खाटेवर बसवलं, तर रोशननं आधी पाणी मागितलं नाही. डोळ्यांवरचा काळा चष्मा सावरत तो बायकोला म्हणाला, “रुपाली, मशिनीवरचा कपडा कोनी काढला तर नाही?”

“नाही जी. तुमी झाकून गेलते, तसाच हाये.”

“उंदरं?”

“उंदरांले कॉम्प्युटर येते काय?” ती म्हणाली आणि चुलीकडं वळली. तिला रडू येत होतं, आणि ज्याला दिसत नाही त्या नवऱ्यासमोरही तोंड लपवायची सवय अजून गेली नव्हती.

रोशनच्या डोळ्यांत उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं. दार उघडं की बंद हे कळायचं. दारात कोण आहे हे कळायचं नाही. हात थरथरायचे. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजर परत येऊ शकते, नाहीही येऊ शकत. रुपालीनं त्याला पहिलं अर्धं सांगितलं आणि दुसरं अर्धं गिळलं. पण माणूस दहा वर्षं बायकोचा आवाज ऐकत आलेला. न सांगितलेलं अर्धं त्याला कधीच कळलं होतं.

टेबलावर टीव्ही होता, जुना, पाठीला पोक आलेला. त्याच्यापुढं कपड्याखाली ती पेटी. वहीएवढी, काळी, मूळची खोडरबरासारख्या बटणांची. पूर्वी घरच्या टीव्हीला जोडून चालवायचे, तसला कॉम्प्युटर. आज कोणाच्या खिशातला साधा फोन त्याच्या हजारपट हुशार असेल. असू द्या. रोशनला फोन नको होता, ही पेटीच पाहिजे होती, आणि त्याला कारण होतं.

तो पाचवीत असताना तालुक्याच्या शाळेत ही पेटी कुठल्यातरी योजनेतून आली. हेडमास्तरच्या खोलीत हार घालून ठेवली. एक दिवस पोरांना चपला काढायला लावून रांगेनं दाखवायला नेलं. पुढं कोण उभं राहणार आणि मागं कोण, हे आपल्याकडं कोणाला शिकवावं लागत नाही. पाटलाची, सावकाराची पोरं आपोआप पुढं गेली आणि बौद्धवाड्यातली आपोआप मागं राहिली. रोशन टाचा उंच करून घुसायला लागला तेव्हा मास्तर ओरडले, “ए, मागं सर!” पडद्यावर काय आलं ते त्यानं पाहिलं नाही. पाहिली ती तेल चोपडलेली डोकी. त्यानंतर पेटी कपाटात गेली ती गेलीच.

पुढं रोशन टीव्ही दुरुस्तीत पडला. राळेगावच्या बसस्टँडमागं दुकान टाकलं, चाललंही. मग भिंतीला चिकटणारे पातळ टीव्ही आले आणि दुकानाची नुसती पाटी राहिली. शेवटी पाटीही घरी आणली. हंगामात दुसऱ्यांच्या वावरात फवारणी, निंदण, काय मिळेल ते. अशात शाळेनं भंगार काढलं, आणि भंगारवाल्याच्या गाडीवर, मोडक्या खुर्च्यांच्या पायांत, त्याला ती पेटी दिसली. तिच्यावर शाळेचा नंबर अजून होता. सायकलच्या हँडलला बांधून घरी आणली तेव्हा त्याचा बाप डोमाजी म्हणाला, “लोकं भंगार इकून कॉम्प्युटर घेते. आमचं पोट्टं उलटं हाये.”

तीन वर्षं तो त्या पेटीशी झुंजला. बटणांखालची पट्टी सुकून तुटली होती. कॅफेवाल्यानं फेकलेला कीबोर्ड फोडून त्याची बटणं बसवली. फुगलेले कंडेन्सर काढले. नागपूरच्या भंगारातून चिप शोधून आणल्या. एक भाग तापायचा, तो थंड राहावा म्हणून त्याला ॲम्प्लिफायरचं पत्र्याचं पान लावलं. पेटी सुरू झाली, पण इंग्रजीत. तिला दुसरं काही येतच नव्हतं. रोशनचं तिथं अडलं.

“हिले मराठी शिकवतो,” तो रुपालीला म्हणाला.

“तिले शिकवा. मले तर कोनी इंग्रजी शिकवलं नाही.”

त्या पेटीत प्रत्येक अक्षर म्हणजे आठ बाय आठ घरांची चौकट. कोणतं घर भरायचं, कोणतं रिकामं ठेवायचं, ते ठरवायचं. रोशनची अक्षरं मुंग्या चिरडल्यासारखी दिसायची. रुपालीनं एकदा मागून डोकावून पाहिलं आणि त्याच्या हातातून पेन्सिल ओढून घेतली. “अजी, हे तर ठिपक्यायची रांगोळी हाये! सरका.” आणि तिनं ‘ढ’ असा काढला की तो पाहतच राहिला. उकार, वेलांटी एका चौकटीत मावेना, तेव्हा तिनंच सांगितलं, एकावर एक दोन चौकटी घ्या. तो तिला अक्षरं सुटी सुटी द्यायचा, उलटीपालटी, शब्द कळू द्यायचा नाही. “काय लिहिनार हाये तुमी?” “तवा पाहिजो.”

एवढी अक्षरं पेटीत मावत नव्हती म्हणून त्यानं मागच्या खाचेत बसणारी जास्तीच्या मेमरीची पट्टी घरीच बनवली. सारी भानगड त्या पट्टीची. जरा धूळ बसली, जरा हलली, की मशीन जागच्या जागी थिजायचं. मग बंद करायचं, पट्टी उपसायची, खाच तोंडाशी न्यायची आणि जोरात फुंक मारायची. फुऽऽ. पुन्हा बसवायची. दिवसातून कितीदा मारत असेल, त्याला माहीत नव्हतं. पापणी लवते तशी ती फुंक होती.

अक्षरं राहायची कॅसेटवर, कारण ती पेटी बंद केली की सगळं विसरते. कॅसेट डोमाजीची, भीमगीतांची. रोशननं तिच्या फुटलेल्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावून वरून आपलं भरलं. पेटीला जोडलेला प्लेअर लावला की किंचाळ्या निघायच्या. डोमाजी कपाळाला हात लावायचा, “चांगल्या गान्यायवर मांजरं भांडाले लावले लेकानं.”

पण सगळी ओळ एकदाही आली नव्हती. दरवेळी पट्टी अर्ध्यात दगा द्यायची. “पोळा झाला की पट्टीले नवे दात लावतो,” रोशन म्हणाला होता.

पोळा झाला आणि त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली. बोंडात अळी. दुकानदारानं सांगितलं, हे औषध त्यात मिसळा, ते यात मिसळा. बाटलीवर सूचना होत्या की! मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. त्या अक्षरांत सावध राहायला सांगणारा कारखाना रात्री सुखानं झोपतो. वामनरावांच्या वावरात रोशन पाठीवर पंप घेऊन फवारत गेला. कमरेएवढ्या झाडावर फवारलं तर औषध खाली पडतं. डोक्याएवढ्या झाडावर फवारलं तर ते तोंडावर येतं. एवढं गणित कोणाला सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी तो घरी आला आणि म्हणाला, “आज सांज लवकर झाली काय?” दुपारचे तीन वाजले होते.

दवाखान्यात चौकशीला एक साहेब आले. इस्त्रीच्या कपड्यांतले, नाकाला रुमाल. त्यांनी रुपालीला विचारलं, “हातमोजे होते? चष्मा होता?” त्या उन्हात, त्या वाफेत, हातमोजे! मग म्हणाले, “तुम्ही लोक पंपाचं नोझल अडकलं की तोंडानं फुंकता. याचंही तेच असणार.”

रुपाली खवळली. “माह्या घरचा मानूस मशिनी दुरुस्त करते, साहेब. त्याले समजते. तो तसं नाही करत.”

साहेब हसले. त्यांचं हसू तिला घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

घरी आल्यावर दोन दिवस रोशन नुसता पडून राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी, विजेची लाईन आल्यावर, उठून बसला. “रुपाली, कॅसेट लाव. आवाज भरडा होऊन राह्यला अशीन. हेडचा इस्क्रू फिरवा लागन.”

“दिसत नाही तुमाले—”

“ते कानानंच करा लागते. डोळ्याचं कामच नाही तिथं.”

पेचकस त्यानं हातात घेतला, पण टोक स्क्रूत ठरेना. थरथर, थरथर. रुपालीनं काढून घेतला. कॅसेट किंचाळायला लागली. तो कान लावून बसला. “डाव्या अंगाले. थोडं. अजून केसभर... थांब! मांगं घे... बस.” किंचाळीला धार आली. दारातून डोमाजी म्हणाला, “वा. आता मांजरं खरीखुरी भांडून राह्यले.” रोशन हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदा हसला, आणि रुपालीला वाटलं, ही पेटी चालली तर हा माणूस उठून उभा राहील. नाही चालली तर खाटेवरून हलणार नाही. एवढीच गोष्ट आता तिला देवाजवळ मागायची होती, आणि तिच्या घरात देव नव्हता. म्हणून तिनं पेटीलाच मनातल्या मनात म्हटलं, चाल बाई.

पडदा नीट दिसावा म्हणून तिनं दार लोटलं आणि कॅसेट पहिल्यापासून लावली. पडद्याच्या कडेला निळ्या-पिवळ्या रेघा पळायला लागल्या. अर्धी कॅसेट झाली आणि रेघा थांबल्या.

“थिजलं,” रोशन म्हणाला. त्याला सांगावं लागलं नाही. “बंद कर.” त्यानं चाचपडत पेटी जवळ ओढली, पट्टी उपसली, खाच तोंडाशी नेली, गाल फुगवले.

रुपालीनं त्याच्या हातावर फाडकन मारलं.

पेटी मांडीवर पडली. तो थिजून बसला, मशिनीसारखा. तीही. तिला स्वतःलाच कळलं नव्हतं तिनं काय केलं. हात आधी गेला होता, डोकं मागून आलं.

“तिथंबी असंच केलं काय तुमी?” तिनं विचारलं.

तो मांडीवरची पेटी चाचपायला लागला.

“वावरात. नोझल अडकलं तवा. सांगा ना!”

“ध्यानातच नाही आलं वं,” तो म्हणाला. “कचरा अडकला की तोंड आपोआप जाते. चार-पाच खेपा झालं. वामनराव धुऱ्यावर उभे होते, म्हने भराभर हात उचल, वारा सुटन. मी फुकलं आन पुढं गेलो. तोंड कडू झालं तवा समजलं, आपन काय करून राह्यलो.”

“आन मी त्या साहेबाशी भांडली.”

“आयकलं होतं मी. खाटेवर होतो ना.”

तर साहेबाचं खरं निघालं. चूक रोशनची होती. घ्या लिहून, मोठ्या अक्षरात लिहा. विष विकणाऱ्याची नाही, मिसळायला सांगणाऱ्याची नाही, बांधावर उभं राहून हात उचल म्हणणाऱ्याची नाही. ज्यानं फुंक मारली त्याची. ह्या देशात चूक नेहमी शेवटच्या माणसाच्या तोंडात सापडते.

 रुपालीनं पेटी त्याच्या मांडीवरून उचलली, पदराचं टोक पिळून बारीक केलं आणि खाचेतून फिरवलं. पट्टीचे दात एकेक करून पुसले. खाचेत घट्ट दाबून बसवली आणि खाली काडीपेटीचा पुठ्ठा ठोसला, हलू नये म्हणून. तीन वर्षांत त्याला हे सुचलं नव्हतं.

“काय केलं?” त्यानं विचारलं.

“तुमाले कायले सांगू? आता फुकाचं बंद.”

कॅसेट पुन्हा लावली. रेघा पळाल्या. अर्धं झालं. पाऊण झालं. रोशन ओठ दाबून ऐकत होता, आणि रेघांचा निळा-पिवळा रंग त्याच्या काळ्या चष्म्यावरून पळत होता, त्याला न कळता. किंचाळी थांबली. क्षणभर काहीच नाही. मग पडद्यावर तिची अक्षरं उमटली. तिचा ‘ढ’. तिचा उकार. रांगोळीच्या ठिपक्यांनी बनलेली, कोपरे असलेली, जाड, मराठी अक्षरं.

“आलं काय?”

“आलं.”

“वाच ना मंग.”

तिनं मनातल्या मनात वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. 

“वाच वं. तीन वर्सं झाले.”

“पुढे ये,” तिनं पडद्यावरचं वाचलं. “पुढे ये. पाह्य.”

रोशननं मान हलवली. बरोबर आहे, असं. मग तो उठला. टेबल चाचपलं, टीव्हीची कडा धरली आणि पुढं झाला. आणखी पुढं. नाक काचेला लागेपर्यंत. त्यानं चष्मा काढून टाकला आणि डोळे ताणून उघडे ठेवले. अक्षरं त्याच्या गालांवर पडली होती. ‘ये’ एका गालावर, ‘पा’ दुसऱ्यावर.

“उजेड हाये,” तो म्हणाला. “लय उजेड हाये वं.”

रुपाली त्याच्या मागं उभी होती. 

तेवढ्यात पडदा विझला. लाईन गेली, रोजच्यासारखी, न सांगता.

रोशन गर्रकन वळला. “रुपाली! लाईन गेली काय, का माह्ये डोळे गेले?”

“लाईन गेली जी.”

“खोटं नको सांगू. दवाखान्यातबी तू अर्धंच सांगितलं. सांग, काय गेलं?”

टीव्हीची बारीक शीळ थांबली होती. जन्मभर टीव्ही दुरुस्त केलेल्या माणसाला ती ऐकू यायला पाहिजे होती. पण भ्यालेल्या माणसाच्या कानाला काही लागत नाही. खरं सांगून विश्वास बसत नाही, हे रुपालीला त्या दिवशी कळलं. तिनं त्याचा दंड धरला आणि त्याला ओढत अंगणात नेलं. डोमाजी बाजेवरून उठून उभा राहिला. समोर उभ्या पऱ्हाटीवर ऊन पडलं होतं, कापूस फुटायला लागला होता, पांढराशुभ्र, निर्लज्ज. तिनं दोन्ही हातांनी नवऱ्याचं तोंड वर केलं आणि सूर्याकडं धरलं.

“पाह्या,” ती म्हणाली.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “हाये,” तो म्हणाला. “हाये, हाये.”

तो तसाच उभा राहिला. जरा वेळानं म्हणाला, “मशीन सारं इसरलं अशीन आता.”

“इसरलंच.”

“लाईन आली का पुन्हा लावू.”

“लावू.”

“मीच बसवतो पट्टी.”

 रुपाली घरात गेली, पेटी उचलून मांडीवर घेतली आणि, तो आत यायच्या आधी, पदराच्या टोकानं ती खाच पुन्हा एकदा पुसून ठेवली.