एक लांब, दोन आखूड

"यापुढे या शहरात रस्त्यावर एकही माणूस हकनाक मरणार नाही!"

शाळेच्या सभागृहात विमासाहेबांनी घोषणा केली. सरकारी विमा कंपनीचे ते बडे अधिकारी. अपघातांची भरपाई देता देता कंपनीचा जीव मेटाकुटीला आला होता. त्यापेक्षा अपघातच होऊ नयेत म्हणून सिग्नलला आणि गतिरोधकांना पैसे द्यावेत, असं वरून ठरलं होतं. टाळ्या ओसरल्यावर साहेबांनी चष्मा पुसला आणि पुढचं वाक्य उच्चारलं, "मात्र त्यासाठी आधी कोणीतरी मेलेलं असलं पाहिजे."

मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, चेहरा पडला. शाळेच्या फाटकासमोर उताराचा रस्ता होता, वरून ट्रक सुसाट येत होते, सगळं अगदी मनासारखं होतं. मेलं तेवढं कोणी नव्हतं.

"एकही नाही?" साहेबांच्या आवाजात किंचित निराशा होती.

"एक कुत्रं गेलं होतं, सर."

"कुत्रं धरता येत नाही. बरं, उद्या शाळा सुटताना पाहणीला येतो. धोका डोळ्यांना दिसला, तर बघू."

आता यात चूक कोणाची असेल, तर ती शिट्टीकाकांची. हे काका बसमधले कंडक्टर. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून शिट्टी गळ्यात अडकवून या रस्त्यावर येऊन उभे राहिले, ते राहिलेच. एक लांब शिट्टी म्हणजे चला. दोन आखूड म्हणजे मागे. आईबापांचं न ऐकणारी पोरं ही शिट्टी ऐकत.

सभेनंतर मोठ्या बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "काका, उद्या एक दिवस तुम्ही उभे राहू नका. साहेबांना धोका दिसू दे."

"आणि पोरांना काय दिसू दे?"

"मी आहे ना फाटकात! आणा ती शिट्टी इकडे. तुमचा भरवसा नाही."

एरवी काकांनी जीव दिला असता, पण शिट्टी दिली नसती. त्या दिवशी मुकाट्याने गळ्यातून काढली. कारण घरात, बायकोला ठाऊक होतं.

"आज ट्रक दिसला का?" रात्री वाढताना तिने विचारलं.

"दिसला की."

"कुठल्या रंगाचा होता?"

"मोठा होता."

ती हसली नाही. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी दोघांना एकदमच सांगितलं होतं. काका हल्ली निम्मा रस्ता कानांनीच बघत. सिग्नल आज आला तर बरा. उद्या काकांचा आवाजाचा अंदाज चुकला, म्हणजे मग तो येणारच होता.

दुसऱ्या दिवशी साहेब फाटकाशी खुर्ची टाकून बसले. काका रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर, मांड्यांखाली हात दाबून. घंटा झाली. पोरांचा लोंढा बाहेर पडला, रस्त्याच्या कडेला आला आणि थांबला.

एकही पोर हलेना. त्यांना रस्ता बघायला कोणी शिकवलंच नव्हतं. ती शिट्टीची वाट बघत होती.

"काय शिस्त आहे हो!" साहेब म्हणाले.

"जा ना रे," मोठ्या बाई दबक्या आवाजात कळवळल्या, "जपून जा, पण जा!"

मागून पोरं येत होती, पुढची कडेवर चेंगरत होती. तेवढ्यात एका मुलीने पलीकडे बोट दाखवलं. "ते बघा काका! काकाऽऽ, वाजवा की!"

मग सगळ्यांनीच सूर धरला. "काकाऽऽ, वाजवा की!"

काकांनी तोंड फिरवलं. टपरीवाला म्हणाला, "चहा निवतोय." काकांना ते ऐकू आलं नाही. ते उताराकडे कान लावून होते. वरच्या वळणावर एका इंजिनाची घरघर चालू होती आणि ती एकदम बंद पडली. ड्रायव्हरने डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. मुका ट्रक खाली येत होता.

नेमक्या त्याच वेळी टपरीशेजारी साहेबांचा ड्रायव्हर गाडी वळवून लावत होता. गाडी मागे घेताना खांबाला लागू नये म्हणून शाळेचा शिपाई तिच्यामागे उभा होता. या कामासाठी मोठ्या बाईंनी सकाळीच त्याच्या हाती काकांचीच शिट्टी दिली होती. साहेबांची गाडी म्हणून त्याने छाती भरून फुंकली.

एक. लांब.

सगळी पोरं एकदम रस्त्यात उतरली. कोणी डावीकडे बघितलं नाही, कोणी उजवीकडे. मोठ्या बाई ओरडल्या, पण त्यांचं ओरडणं पोरांच्या रोजच्या सवयीचं होतं.

काका उठले कधी, ते टपरीवाल्यालाही कळलं नाही. त्यांनी शिपायाच्या तोंडातली शिट्टी दोरीसकट ओढली; दोरीसोबत शिपायाची मानही थोडी आली. ती तिथेच सोडून ते रस्त्याच्या मधोमध धावले, उताराकडे तोंड करून हात आडवा धरला आणि फुंकलं.

दोन. आखूड.

पोरं होती तशी मागे सरली. ब्रेक किंचाळले. रबराचा वास आला. काकांनी पुढे केलेला तळवा कशालातरी टेकला. ते गरम होतं आणि अजून थरथरत होतं.

"लाल आहे होय," काका पुटपुटले.

मग त्यांनी सावकाश वळून एक लांब शिट्टी दिली. पोरं रोजच्यासारखी बडबडत पलीकडे गेली. त्या मुलीने जाता जाता विचारलं, "एवढा उशीर का केला हो?"

फाटकाशी साहेब उभे होते. चेहरा कागदासारखा पांढरा. पण नियम तो नियम. "अपघात झाला नाही," ते घसा खाकरत म्हणाले. "शिवाय तुमच्याकडे उत्तम व्यवस्था आहे. व्यवस्था असेल तिथे आम्हाला पैसे देता येत नाहीत."

"आणि हे नसतील तेव्हा?" मोठ्या बाईंचा आवाज चिरकला.

"तेव्हा जरूर अर्ज करा. रस्त्यावरच गेले, तर त्यांनाही धरता येईल."

काकांनी शिट्टी शर्टाला पुसली, गळ्यात घातली आणि उताराकडे कान लावला. वरून पुन्हा काहीतरी येत होतं.

साहेबांनी रस्त्याकडे पाहिलं. पलीकडे उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे पाहिलं. मग हळूच काकांची बाही धरली.

"काका, मला तेवढं पलीकडे सोडता का?"