दोन याकोव आणि मारिएताचा टॅब

ऐकू कमी येणारं एखादं माणूस आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात असतं. आपण त्याच्यासाठी यंत्र आणतो, कानात बसवून देतो आणि मोकळे होतो. पुढे ते यंत्र फडताळात धूळ खात पडलेलं दिसलं, की आपण म्हणतो, म्हातारपणी माणूस हट्टीच होतो. आमच्या बेटावरचा बार्बा याकोव असाच हट्टी ठरला होता. बार्बा म्हणजे काका. आमच्याकडे केस पांढरे झाले, की प्रत्येक पुरुष बार्बा होतो आणि प्रत्येक बाई तेता, म्हणजे काकू.

याकोव गावच्या क्लापात गायचा. वाद्य नाही, काही नाही, आठ-दहा पुरुष खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि गातात, ती आमची क्लापा. त्यातला सगळ्यांत खालचा सूर याकोवचा. ईस्टरनंतर त्याच्या कानात यंत्र बसलं आणि थोड्याच दिवसांत त्याने तालमीला जाणं सोडलं. गावच्या संताचा उत्सव तोंडावर आला, तेव्हा क्लापावाले शेजारच्या गावातला माणूस शोधू लागले. एकदा ती जागा गेली की परत मिळत नाही. याकोव काही बोलत नसे, पण त्याची बायको पेरिना आतल्या आत झुरत होती.

यंत्र बसवणारी मारिएता किनाऱ्यावरच्या शहरातून फेरीबोटीने यायची. पूर्वी तिच्याकडे जड लॅपटॉप होता. तो चाकांच्या बॅगेतून आमच्या दगडी पायऱ्यांवर ओढताना तिचा जीव अर्धा व्हायचा. आता तिच्याकडे एक छोटा, स्वस्तातला टॅब होता. रबरी कव्हर, कव्हरलाच मागे टेकू, घडी होणारा कीबोर्ड, एक पॉवर बँक आणि केसांच्या रबराने बांधलेल्या वायरी. सगळं दुकान खांद्यावरच्या पिशवीत मावायचं. तिला त्याचा फार अभिमान होता आणि तो खोटाही नव्हता. या एवढ्याशा वस्तूमुळेच आमच्यासारख्या आडबाजूच्या बेटांकडे कुणीतरी फिरकू लागलं होतं.

पण तिने एक सवय लावून घेतली होती. बोटीवर बसल्या बसल्याच ती टॅब उघडायची, नावं शोधायची आणि कुणाच्या यंत्रात कोणता आवाज किती वाढवायचा, ते आधीच ठरवून टाकायची. घरी पोचलं की यंत्र टॅबला जोडायचं, ठरवलेलं भरायचं, कानात घालून द्यायचं आणि निघायचं. बाहेर समुद्र इतका शांत असायचा, की बोट पाण्यावरून जाते आहे की हवेतून ते कळू नये. दुरून बेटं हळूच वर यायची आणि उन्हाच्या धुरकट पडद्यात पुन्हा विरघळून जायची. मारिएताचे डोळे मात्र टॅबच्या काचेवर, तपासणीच्या आलेखातल्या रेघांवर खिळलेले.

त्या दिवशी ती याकोवच्या अंगणात आली, द्राक्षाच्या मांडवाखालच्या दगडी टेबलावर टॅब उभा केला आणि कीबोर्डची घडी उलगडली.

"बस गं पोरी, कॉफी टाकते," पेरिना म्हणाली.

"नको, तेता पेरिना. दुपारची बोट गाठायची आहे. त्यांना नेमका काय त्रास होतोय?"

"त्यांना म्हणजे? ते इथेच बसलेत की."

मारिएताने मान वर केली नाही. "यंत्र ठीक आहे. रेघाही बरोबर दिसतायत. त्यांना सांगा, हळूहळू सवय होईल."

"हे तू फोनवरही सांगितलंस. पोरी, माझा नवरा कमी ऐकतो, पण तो घरात आहे. त्याच्याबद्दल तू मला विचारतेस, मी सांगितलेलं त्या डबीला विचारतेस, मग मधल्यामध्ये तो कुठे गेला?"

मारिएता जरा ओशाळली, पण बोटं चालूच राहिली. तेवढ्यात याकोव उठला. रुमालात बांधलेलं यंत्र त्याने तिच्यापुढे ठेवलं.

"घेऊन जा हे. मी आता गात नाही. मला लागत नाही."

एवढं बोलून तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला. आणि त्याच वेळी टॅबचा पडदा काळा झाला. मांडवातून येणाऱ्या उन्हाने दगड तापला होता आणि त्या तापल्या दगडावर स्वस्तातला टॅब बिचारा किती वेळ टिकणार? फार गरम झालो आहे, थंड होऊ द्या, एवढं सांगून तो बंद पडला.

"आता?" मारिएता रडवेली झाली.

"आता काय, तळघरात ठेवते. तिथे आमची वाइनही थंड राहते."

"तेता, ओल लागेल त्याला!"

"बाळासारखा गुंडाळून ठेवते. तू सावलीत बस."

गावावर फ्याका उतरत होता. दुपारच्या जेवणानंतर आमच्याकडे ही एक अवस्था येते. झोप नाही, जाग नाही, हातपाय आणि मन दोन्ही सैल सुटतात. खिडक्यांच्या झडपा मिटल्या. पाइनच्या झाडांवरचे किडे एका लयीत किरकिरत राहिले. जेवणाच्या वासात समुद्राचा वास मिसळला. मारिएताच्या हाताला काम नव्हतं, डोळ्यांना काच नव्हती. पेरिनाने आणून ठेवलेल्या कॉफीच्या वाफेतून समोरचा म्हातारा तिला दिसू लागला, आणि बघता बघता ती बोट, ते शहर, ती घाई तिला कुणाचीतरी सांगोवांगीची गोष्ट वाटू लागली. किती महिन्यांत ती अशी नुसती बसली नव्हती.

तिने खुर्ची उचलली आणि याकोवच्या समोर नेऊन ठेवली. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहत सावकाश विचारलं, "बार्बा याकोव, यंत्र घातल्यावर तुम्हाला काय ऐकू येतं?"

याकोवने तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"काटे-चमचे," तो म्हणाला. "हिने चमचा ठेवला की डोक्यात खिळा जातो. हे किडे तर मेंदूत येऊन बसतात. क्लापात उभा राहिलो, तर वरचे सूर नुसते किंचाळतात. माझा स्वतःचा सूर मला सापडत नाही." मग त्याने तळहात टेबलावर ठेवला आणि अगदी हळू, खालचा सूर लावला. अंगणभर तो पसरला. "बघ, यंत्र नसताना हा मला नीट ऐकू येतो. म्हणून काढून ठेवलं."

मारिएता विचारात पडली. तिला वसंतातली तपासणी आठवत होती.

"पण बार्बा, तुम्ही इतकी वर्षं जहाजाच्या इंजिनखोलीत होतात. त्या गोंगाटात वरचे आवाज जवळजवळ गेलेच ना तुमचे? म्हणून तर मी ते इतके वाढवले."

"मी? जहाजावर?" याकोव हसू लागला. "पोरी, मला किनाऱ्यावर जाऊन यायचं म्हटलं तरी बोट लागून उलट्या होतात. मी जन्मभर द्राक्षं केली."

"जहाजावर होता तो शिडवाल्यांचा याकोव," पेरिना म्हणाली. "आम्ही मीठवाले."

आमच्या गावात आडनाव एकच. आजोबाचं नाव नातवाला द्यायचं, म्हणून नावंही तीच. माणूस ओळखायचा तो घराच्या टोपणनावाने, आणि ते आम्ही कुठल्याच कागदावर लिहीत नाही. का लिहावं? सगळ्यांना माहीतच असतं! मारिएताच्या टॅबमध्ये दोघे याकोव एकाच नावाचे होते, आणि टोपणनाव तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण इतक्या महिन्यांत ती एकदा जरी इथे कॉफी प्यायला बसली असती, तरी तिला ते कळलं असतं.

"चूक माझी आहे," ती याकोवला म्हणाली, पेरिनाला नाही. "मी दुसऱ्याचे आवाज तुमच्या कानात भरले. तुम्हाला त्रास होत होता आणि मी तुम्हालाच सवय करायला सांगत होते."

टॅब तळघरातून परत आला. या वेळी तिने त्याचा टेकू याकोवच्या बाजूला वळवला आणि कीबोर्ड पिशवीतच राहू दिला. त्याच्या स्वतःच्या तपासणीप्रमाणे आवाज भरून झाल्यावर ती बोटाने पट्टी थोडी खाली आणायची, थोडी वर न्यायची, आणि दर वेळी विचारायची. याकोव गुणगुणत राहिला. एका जागी तो थांबला. डोळे मिटले. 

"हा मी," तो म्हणाला. "हा माझा सूर."

पेरिनाने एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. मारिएताने मात्र पिशवी उचलली नाही. तिच्या मनात वेगळंच काही चाललं होतं.

"यांचे आवाज तिकडे गेले असतील," ती म्हणाली. "शिडवाल्यांच्या याकोवना मी बसवलेल्या यंत्रातून काहीच ऐकू येत नसेल."

पेरिनाचा चेहरा उतरला. शिडवाल्यांचा याकोव उन्हाळा लागल्यापासून कुणाच्या हाकेला उत्तर देत नव्हता. चर्चच्या दारात तिने त्याची विचारपूस केली, तर तो सरळ पुढे निघून गेला. म्हातारा माजलाय, असं तिनेच चारचौघांत सांगितलं होतं. हळूहळू गावाने त्याला हाक मारणंच बंद केलं होतं.

"मी येते तुझ्याबरोबर," ती उठत म्हणाली.

फ्याकाच्या वेळी आमच्याकडे कुणी कुणाचं दार वाजवत नाही. त्या दिवशी पेरिनाने वाजवलं, आणि उत्तर येईना तेव्हा ढकललं. एकटा माणूस मिटल्या झडपांच्या अंधारात बसला होता. मारिएता त्याच्यासमोर जमिनीवर बसली, टॅब मांडीवर घेतला आणि आधी त्याच्या हातावर हात ठेवला. काम व्हायला बराच वेळ लागला. तेवढ्यात बंदरावर दुपारच्या बोटीचा भोंगा वाजला आणि विरून गेला. ती उठली नाही.

शेवटी तिने पेरिनाला खूण केली. पेरिना पुढे झाली आणि सवयीने घसा ताणून म्हणाली, "याकोव! मला क्षमा कर! मी तुझ्याबद्दल नको ते बोलले!"

"ओरडू नकोस, पेरिना," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी ऐकतोय."

मंडळी, त्या टॅबवर माझा राग नाही. आजही तो आमच्या बेटावर येतो आणि त्याचे उपकारच आहेत. पण हातात कितीही सोयीची वस्तू असो, ज्याच्यासाठी ती आणली त्या माणसाला आधी समोर बसून विचारा. त्याच्याबद्दल दुसऱ्याला विचारू नका, आणि विचारण्याआधी त्याला हट्टी, माजलेला म्हणू नका. आमच्या एका गावात दोन माणसं अख्खा उन्हाळा एकटी पडली होती, कारण त्यांच्याशी बोलायला आम्हा कुणालाच सवड नव्हती.