हरिओमची बिनधुराची गाडी

मोताळ्यात पहिली इलेक्ट्रिक गाडी आणली ती बी-बियाण्यांच्या दुकानवाल्या हरिओमनं. तेव्हापासून त्याच्या लेखी गावात दोनच जाती उरल्या. एक तो, आणि दुसरे धूरवाले. दुकानात कपाशीचं बियाणं घ्यायला आलेल्या माणसालाही तो आधी विचारायचा, "काय चालवता? डिझेल?" आणि उत्तर ऐकून नाक मुरडायचा.

त्याची बायको छाया हे तीन वर्षं ऐकत होती.

मे महिन्यात हरिओमच्या भाचीचा, रुपालीचा, लोणारला साखरपुडा ठरला. मुलीला मामाची साडी द्यायची, म्हणजे सख्खा मामा वेळेवर हवा. निघायच्या सकाळी त्याचा चुलतभाऊ शिवम जळगाव जामोदहून बायकोला, प्रतीक्षाला, घेऊन दारात उभा राहिला. गाडी नवीकोरी. शोरूममध्ये नुकत्याच आलेल्या नव्या प्रकारातली. चाकं फिरतात ती विजेवरच, पण बॉनेटखाली एक छोटं पेट्रोल इंजिन आहे, ते बॅटरी उतरली की तिला भरत राहतं.

हरिओमनं गाडीभोवती चक्कर मारली. पेट्रोलचं झाकण दिसताच तो हसला.

"काऊन बे शिवम, बॅटरीच्या गाडीले पेट्रोल पाजून राह्यला?"

"दादा, इंजिन चाकाले लागतच नाही. निस्तं बॅटरी भरते. रस्त्यात अडकाचं काम नाही."

"हे तर उपासाच्या दिवशी चोरून भजे खानं झालं! ना धड इकडचं, ना तिकडचं. खेचर आनलं तू, खेचर."

शिवम कानकोंडा झाला. प्रतीक्षानं छायाकडे पाहिलं. छायानं नजर वळवली, कारण तिला एक गोष्ट माहीत होती. आदल्या रात्री लाइट गेली होती आणि हरिओमची खेचर नसलेली गाडी निम्मीच भरली होती. हरिओमनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

शिवमला चिखलीत एका मावशीला घ्यायचं होतं. हरिओम पुढं निघाला. राजूरचा घाट चढेपर्यंतच बॅटरीचा आकडा झरझर खाली आला. त्यानं एसी बंद केला. छायानं काच खाली केली तर म्हणाला, "लाव ते. वाऱ्यानं गाडी अडते." मग दोघं बंद काचांत बसून राहिली. बाजूनं ट्रॅक्टर पुढे निघून गेला. छायाची काठपदराची साडी घामानं पाठीला चिकटली होती. तिच्या मनात राग नव्हता. राग कधीच संपला होता. जे उरलं होतं ते एखाद्या हट्टी, मंद पोराकडे बघावं तसं काहीतरी होतं, आणि पोराची येते तशी कीव मात्र येत नव्हती.

मेहकरच्या अलीकडे एका धाब्यावर चार्जर होता. मशीन बंद. धाबेवाला म्हणाला, "मिस्त्री येनार हाये." कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं. फ्रिजच्या प्लगवर गाडी लावायला मात्र तो तयार झाला.

थोड्या वेळानं शिवम येऊन थांबला. "दादा, बसा माह्या गाडीत. मुहूर्त निघून जाईन."

"त्या खेचरात मी बसन? लोकं काय म्हनतीन मले?"

छाया खुर्चीवरून उठली. मागच्या सीटवरची साडीची पिशवी तिनं काढून घेतली.

"मी पुढं होते. रुपाली वाट पाहून राह्यली."

"तू पन त्याच्यात बसशीन?"

"हाव," ती म्हणाली, आणि बसली.

लोणारला हरिओमची बहीण चांगुणा दारातच होती. "दादा कुठी हाये?" छायानं खरं ते सांगितलं. चांगुणानं कपाळावर हात मारला. नवऱ्या मुलाकडची माणसं ताटकळत होती. शेवटी शिवमला पाटाजवळ बोलावलं. रुपालीच्या हातात मामाची साडी शिवमनं दिली आणि ती त्याच्या पाया पडली. पाया पडून उठताना तिनं एकदा फाटकाकडे पाहिलं. ते तेवढं छायाच्या जिव्हारी लागलं.

हरिओम उगवला तेव्हा मंडपातल्या खुर्च्या एकावर एक रचून झाल्या होत्या. शर्ट घामानं ओला, चेहरा विजयी.

"आलो का नाही? एक थेंब न जाळता!"

रुपाली म्हणाली, "मामा, जेवन काढून ठेवलं हाये."

जेवताना तो नवऱ्या मुलाच्या वडलांना धुराचे तोटे सांगू लागला. ते त्याचे दोन घास होईपर्यंत ऐकून निघायला उठले. परतायला पुरेल एवढी बॅटरी नव्हतीच. छाया नणंदेला म्हणाली, "ह्यायले राहू द्या इथीच. मी शिवमभाऊसोबत जाते."

तो दुसऱ्या दिवशी परतला आणि दुकानात बसून शिवमच्या गाडीला शिव्या घालू लागला. गिऱ्हाइकं मान हलवायची, त्यातले दोघं-तिघं मग शिवमला फोन करून ती गाडी कशी आहे ते विचारायचे.

रुपालीच्या लग्नाची तारीख कळली त्या दिवशी छायानं शिवमला त्याच्या गाडीत आपली जागा धरायला सांगितलं आणि जेवण वाढता वाढता हरिओमलाही कळवलं.

"जा," तो ताटातच बघत म्हणाला. "मी माह्या गाडीनं येईन."

"मंग आदल्या दिवशी निघा," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात भाकरी टाकून आत गेली.