कोंबड्यांचं मडकं

फोन पुन्हा वाजला तेव्हा सुनेनं तो पिठाच्या डब्यात टाकला आणि वरून झाकण दाबलं.

“डब्यात काय कोंबलंस?” अंगणात माती तुडवणाऱ्या म्हाताऱ्या कुंभारानं विचारलं.

“काही नाही, आप्पा.”

“ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे या घरात चालत नाही. बोल.”

फोनवर मडक्यांचं दुकान तिनंच उघडलं होतं. चार महिन्यांत दोन मडकी खपली. त्यातलं एक तिच्या भावानं घेतलं. आप्पांची चांगली मडकी कोठीच्या अंधारात असत, फोटोसाठीही ते बाहेर काढू देत नसत. शेवटी एका सकाळी तिनं नळाजवळचं कोंबड्यांना पाणी ठेवायचं मडकं घासलं आणि त्याचाच फोटो दुकानात लावला. नऊ वर्षांपूर्वी बिघडलेल्या भट्टीतलं ते मडकं. लाल अंगावर एका बाजूनं काजळीसारखा काळा डाग चढलेला.

आठवड्याभरात अडतीस जणांनी तसंच मडकं मागितलं. फोटोसारखं नसेल तर माल परत, आणि तीन तक्रारी आल्या की दुकान बंद, असा तिथला नियम. शनिवारी माल निघायला हवा होता. आज सोमवार.

तिनं सगळं सांगून टाकलं. 

आप्पांचे पाय चिखलात थांबले. “माझी नीट मडकी कुणाला नकोत, आणि कोंबड्यांचं हवंय?”

“हो.”

त्यांनी पायांचा चिखल निपटून काढला. मग म्हणाले, “तसं मला येत नाही.”

हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणीच ऐकलं नव्हतं. सून खरी घाबरली ती त्यानं.

“मला येतं,” उंबऱ्यावर बसलेली सासू म्हणाली.

“तुला? साठातली पन्नास फोडली होतीस तू!”

“तुम्ही तापानं पडला होता. कोरडा भुसा संपला, म्हणून ओला पाला कोंबला आणि धुराची भोकं बुजवली. नऊ वर्षं रोज ऐकवताय, विसरेन कशी?”

“आई, याही वेळी पन्नास फुटली तर?” सुनेनं विचारलं.

“तेव्हा पाला लवकर पडला. आता मडकी लाल झाल्यावर टाकू.”

“नक्की जमेल?”

“नाही,” सासू म्हणाली.

कोठीत वाळलेली कच्ची मडकी साठच होती. नवी वाळायला आठ दिवस लागले असते.

बुधवारी भट्टी लागली. भट्टीच्या तोंडाशी आप्पा कुणाला उभं करत नसत. आज त्यांनी लांब काठी बायकोच्या हातात दिली आणि स्वतः चार पावलं मागे सरले. दुपारी तिनं आत पाला ढकलला, भोकांवर माती थापली. पिवळा धूर फटींतून सरपटत बाहेर आला. मग आतून आवाज आला. तड.

तिघंही जागच्या जागी थिजले.

तड. तड.

सुनेनं कानांवर हात ठेवले.

“कान झाकून मडकी वाचत नाहीत,” आप्पा म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या तोंडात टॉवेलचं टोक होतं. सासूचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेतेय असं सुनेला वाटलं. पण सासू तडे मोजत होती. एकोणीसपर्यंत मोजून तिनं सोडून दिलं.

शुक्रवारी सकाळी भट्टी उघडली. राख अजून कोमट होती. आप्पांनी हात घातला. पहिल्या मडक्याचे तुकडेच वर आले. दुसरं अखंड आणि स्वच्छ लाल. तिसरंही तसंच. अंगावर डाग नसलेलं मडकं पाहून आप्पांचा चेहरा उतरलेला घरानं पहिल्यांदा पाहिला.

चौथं त्यांनी उजेडात फिरवलं. एका बाजूनं काळं.

“बिघडलंय,” आप्पा म्हणाले आणि दोन्ही हातांनी ते अलगद गवतावर ठेवलं. “हेही बिघडलंय. आणि हे बघ, हे तर पार बिघडलंय!”

भट्टी रिकामी झाली तेव्हा सुनेनं दोनदा मोजलं. सदतीस. अडतीसला एक कमी.

सासू नळाजवळ गेली, कोंबड्यांचं मडकं उपडं केलं आणि राखेनं आतबाहेर घासू लागली.

“फोटोतलंच आहे,” ती म्हणाली. “तक्रार कशाची करतील?”

आप्पांनी निष्कलंक लाल मडक्यांतलं एक उचललं, पाण्यानं भरलं आणि कोंबड्यांपुढे ठेवलं. कोंबड्या आधी बिचकल्या. मग प्यायल्या.