पंचफुलाचा नऊ

मी अमरावतीला शिवणवर्ग चालवायची आणि चिडकी होते, हे आधीच सांगून टाकते. बासष्ट साली सरकारनं इंच-गज मोडीत काढले आणि माझ्या वर्गात सेंटिमीटरच्या टेपा आल्या. दर सेंटिमीटरला रेघ, पाचवी जरा लांब, दहावी आरपार. आकडे मात्र इंग्रजी.

पंचफुला चांदूर बाजारची, माळ्याच्या घरची. नवरा गेल्यावर भावाकडे राहायची. अकोल्याच्या मुलींच्या वसतिगृहात शिवणकाम करणारी बाई हवी होती आणि त्या जागेला परीक्षेचं प्रमाणपत्र लागत होतं. ते मिळालं नाही, तर जन्मभर भावजयीच्या हाताखाली. शाळा दुसरीपर्यंतच, त्यामुळे अंक मराठीच येत. भाजी विकताना हिशेब विसांत करायची.

परीक्षेला आठ दिवस असताना तिनं एका मुलीच्या फ्रॉकची उंची घेतली आणि वर्गातल्या कुंदाला सांगितलं, "एकसष्ट." कुंदानं बिनदिक्कत कापड कापलं. फ्रॉक मुलीच्या गुडघ्यांच्या चार बोटं वर! उंची होती एकोणसत्तर. इंग्रजी नऊ आपल्या एकासारखा दिसतो, आणि पंचफुलानं तो एकच वाचला होता.

माझं डोकं फिरलं. "नऊ कळत नाही अन् परीक्षेला बसतेस? यंदा राहू दे!"

"काहून राहू देऊ?" ती म्हणाली. "नऊ पाह्यला का मले एकच दिसते, बाई. आठ दिवसांत ते डोळ्यातून जाणार नाही. मी आकडे पाहतच नाही आता. रेघाच मोजतो."

आणि आठही दिवस ती मोजत राहिली. दार, खिडकी, टेबल, कुंदाची वेणीसुद्धा. दोन आरपार रेघा म्हणजे एक वीस. पुढची लांब रेघ म्हणजे पाच. मी कुरकुरत होते, पण तिचं चुकत नव्हतं.

परीक्षेला खुशालराव नावाचे परीक्षक आले. वर्गातली मुलगी नको म्हणून त्यांनी मलाच उभं केलं. "बाईंची कंबर घ्या."

पंचफुलानं टेप गुंडाळली, जागेवर अंगठा दाबला, टेप सोडवली आणि पितळी टोकापासून रेघा मोजू लागली.

"आकडा समोर छापलाय. वाचा की!" परीक्षक घड्याळ पाहत म्हणाले. "मला अजून बारा जणी तपासायच्यात."

मला वाटलं, आता ही घाबरून वाचणार, आणि संपलं सगळं. पण तिचा अंगठा हलला नाही.

"सायेब, घाई तुमाले हाये," ती म्हणाली. "फिराक घालनाऱ्या पोरीले नाही."

ती शांतपणे शेवटच्या रेघेपर्यंत गेली. "चार विसा न् नऊ." कागदावर तिनं ठळक ८९ लिहिलं.

माझी कंबर चारचौघांत जाहीर झाली, पण मला त्याचं काही वाटलं नाही. खुशालरावांनी स्वतः टेप लावून पाहिली, मग दुसऱ्यांदाही पाहिली. तिच्या नावापुढे 'उत्तीर्ण' लिहिलं.

साहेब पुढच्या मुलीकडे वळले तशी मी तिला जवळ ओढून घेतलं. मला तिच्याबद्दल फार अभिमान वाटत होता आणि स्वतःची लाज. ती मात्र टेप माझ्यापुढे धरून उभी.

"बाई, आता दम खाऊन तो नऊ शिकवा मले," ती म्हणाली. "अकोल्याले जाच्या आधी."

मी तिथंच खाली बसले आणि पाटी मागवली.