खालची खिडकी

आधीच सांगून ठेवते, मी गोड बोलणारी बाई नाही. ज्यांना सोशिक, हसतमुख अपंग बाईची गोष्ट हवी असेल त्यांनी दुसरं दार बघावं. मला डावा पाय नाही. जन्मापासूनच नाही, तोही थेट मांडीपासून, त्यामुळे कृत्रिम पाय बसवायचा म्हटलं तर तो अडकवणार कशाला? दोन कुबड्या आणि एक पाय, एवढ्या भांडवलावर मी शिकले, पाणीपट्टीच्या कार्यालयात चिकटले, आणि भावाच्या घरात राहत असले तरी माझ्या ताटातलं माझ्या पगाराचं असतं. वहिनी वाईट नाही. पण हा पगार थांबला तर तिचा चेहरा कसा होईल, ते मला न दाखवताही दिसतं.

तर ती मला भेटली हॉस्पिटलात. कृत्रिम पायांची मापं घेतात त्या खोलीबाहेर. मी कुबड्यांची रबरं बदलायला गेले होते आणि ती बाकावर बसून रडत होती. अपघातात तिचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. नवरा बिचारा शेजारी रुमाल घेऊन उभा, जणू रडणं संपलं की घडी घालून खिशात ठेवणार. मी तिच्याजवळ टेकले आणि तिच्या एकुलत्या चपलेकडे बघून विचारलं, "कितवा नंबर?"

"अं? पाच."

"माझाही पाच. उजव्या चपलांचं काय करता मग?"

"काय करणार? घरी पडल्यात."

"मला द्या. आणि पुढचा जोड दोघींत एकच घेऊ. निम्मे पैसे तुमचे, निम्मे माझे."

तिने आपल्या चपलेकडे बघितलं, मग माझ्या. मग अशी काही हसत सुटली की नवरा घाबरून नर्सला बोलवायला निघाला.

तिथून आमची जोडी जमली. दुकानात आम्ही शिरलो की चप्पलवाला गल्ल्यावरूनच ओरडायचा, "आल्या बघा, उजव्या बाई आणि डाव्या बाई!" उजवी मी, डावी ती. तेच आमचं नाव पडलं. काय भांडायचो आम्ही तिथे! तिला टाच हवी, मला सपाट; तिला लाल, मला मळखाऊ. शेवटी एकीने हट्ट सोडायचा, कारण दोघींशिवाय जोड परवडायचा नाही. जिना कसा चढायचा, ओल्या न्हाणीघरात कुबडी कुठे टेकायची, रस्त्यात कुणी टक लावून बघायला लागलं तर त्यालाच उलट कसं खजील करायचं, सगळं मी तिला शिकवलं. मला बहीण नव्हती. आता आहे, असं मी वहिनीला सांगून टाकलं.

मग तिचा पाय आला. गुडघा शाबूत असल्यामुळे तिला तो झकास बसला. विजारीखाली कुणाला पत्ता लागणार नाही असा. आमच्या घरी येऊन तिने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवलं, वहिनीने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आनंद झालाच मला. पोटात जरासं दुखलंही, ते कशाला लपवू? आता तिला दोन्ही चपला लागणार होत्या. तेव्हापासून मी पूर्ण जोड घेते आणि अर्धा कपाटात टाकते.

आमच्या कार्यालयात जागा निघाली तेव्हा मीच वरच्यांच्या कानावर तिचं नाव घातलं. मुलाखतीत ती चालत गेली, चालत आली, निवडली गेली. रुजू व्हायच्या आधी तिने माझा हात धरला.

"उजवे, एक मागते. पायाचं कुणाला सांगू नकोस. निदान एका तरी ठिकाणी लोकांनी आधी माझ्या तोंडाकडे बघू दे."

"नाही सांगणार."

"आणि रागावणार नाहीस ना? ऑफिसात आपण एकत्र डबा नको खायला. लोक लगेच चौकशा करतात. ही तुमची कोण, ओळख कुठली."

मी रागावले. पण बोलले नाही, आणि माझ्यासारखीने न बोलणं म्हणजे काय ते माझं मलाच ठाऊक. आमची टेबलं एकाच खोलीत, दुसऱ्या मजल्यावर. ती पलीकडच्या बायकांत बसून डबा खायची, मी माझ्या टेबलावर. लिफ्टचं म्हणाल तर तिच्यात झाडू आणि बादल्या ठेवतात.

वर्षानुवर्षं कुबडीवर भार टाकून माझा उजवा खांदा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, जिने बंद करा, नाहीतर हात वर उचलणंही मुश्कील होईल. माझ्यासाठी खांदा म्हणजेच दुसरा पाय. तो गेला की नोकरी गेली. मग स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून भाजी निवडायची, आणि आल्यागेल्याने वहिनीला हळूच विचारायचं, "या कायमच्या इथेच का?"

अशात तळमजल्यावरच्या चौकशी खिडकीवरचे काका निवृत्त होणार असं कळलं. एक खुर्ची, एक खिडकी, आणि जिना नाही! मी साहेबांकडे गेले. साहेब दुष्ट नाहीत. दुष्ट असते तर भांडता तरी आलं असतं. मधाळ आवाजात म्हणाले, "तुमची अडचण कळते हो. पण एकट्या माणसासाठी पद्धत कशी मोडायची? उद्या सगळे मागतील. आणखी कुणाला जिन्याचा त्रास असता तर गोष्ट वेगळी होती."

आणखी कुणाला! मी तडक बायकांच्या स्वच्छतागृहात गेले. डावी आतल्या स्टुलावर पाय काढून बसली होती. गुडघ्याखालचा भाग लालबुंद झालेला, एका जागी कातडी सोललेली. त्यावर ती फुंकर घालत होती.

"डावे, साहेबांना सांग," मी म्हटलं. "दोघी आहोत म्हटल्यावर त्यांना ऐकावं लागेल. लिफ्ट दुरुस्त करतील, नाहीतर टेबलं खाली नेतील. बघ काय झालंय तुझं."

"माझा त्रास तुला वापरायचाय."

"आपला त्रास आहे गं बाई!"

"आपला नाही." तिने पाय पटकन चढवला. "तू हट्टाने मला ओढतेस त्यात. मी तुमच्यातली नाही."

"तुमच्यात म्हणजे कोण कोण गं? इथे मी एकटीच तर आहे."

तिने पँट नीट केली, आरशात बघून केस सारखे केले आणि निघून गेली. चालणं अगदी सरळ. ते सरळ चालणं तिला किती महागात पडतंय, हे त्या इमारतीत एकट्या मला माहीत होतं.

काकांचा निरोप समारंभ वरच्या दालनात झाला. चहा झाला, भाषणं झाली. मग साहेब खिडकीच्या विषयावर आले. "खालची जागा बऱ्याच जणांना हवी आहे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यांनीच बघितलं. "पण तक्रारी करून कामं होत नसतात. आता या आपल्या नव्या बाई बघा. दिवसातून कितीदा वरखाली करतात, कधी तोंडातून चकार शब्द नाही! शिकण्यासारखं आहे काहींनी."

आणि ती हसली. मान खाली घालून, लाजून, बक्षीस मिळाल्यासारखी हसली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय एकच, पण आग दोन्ही पायांची. तिने गप्प बसायला हवं होतं. नुसतं गप्प बसली असती तर मीही बसले असते, देवाशपथ.

"साहेब," मी म्हटलं, "त्यांचा उजवा पाय खोटा आहे. गुडघ्याखाली. आत्ता या क्षणी सोललेला आहे. विचारा त्यांना."

डावीने चहाचा कप बशीत ठेवला, तो नीट बसेना, पुन्हा ठेवला. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. साहेब जागेवरून उठून तिच्यापर्यंत चालत गेले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

"बाई! आणि कधी बोलला नाहीत?"

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. पलीकडच्या बायका तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्यापासून खालची खिडकी यांची. अशा माणसाची कदर आपण नाही करायची तर कुणी करायची?

"आणि मी?" मी विचारलं. आवाज चिरकला माझा, त्याचीही लाज वाटली.

साहेब वळले. जरा कंटाळलेच होते. "तुमचं जन्मापासूनचं आहे ना? तुमच्या ते अंगवळणी पडलेलं असणार. यांचं दुःख ताजं आहे. शिवाय," त्यांनी आवाज उतरवला, "दुसऱ्याचं गुपित असं चारचौघांत फोडायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा डावी खिडकीत बसली होती. रांग अजून लागली नव्हती. मी काचेसमोर उभी राहिले. आमच्या भाषेत बोलायचं तर भांडायलाच उभी होते, पण तिच्या डोळ्यांखालची सूज बघून निम्मा जोर गेला.

"मला ही जागा नको होती," ती म्हणाली.

"मग सोड. वर ये, सांग साहेबांना, म्हणावं खिडकी उजवीला द्या."

तिने खाली बघितलं, तसं मीही काचेतून वाकून बघितलं. टेबलाखाली तिने पाय काढून ठेवला होता, पँटचा रिकामा पाय दुमडून वर खोचला होता. लपवायचं कारणच उरलं नव्हतं.

"आता वर चढून दाखवू कुणाला?" ती म्हणाली. "तूच सगळ्यांना सांगितलंस ना?"

तेवढ्यात एक म्हातारा पाण्याचं बिल घेऊन आला. मला बाजूला व्हावं लागलं. मी कुबड्या बगलेत नीट बसवल्या, खांद्यात कळ आली तशी दात आवळले, आणि पहिली पायरी चढले.